रकाना क्रमांक चार

तालुक्याहून 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा अर्ज आला,
अकरा पानं, टाचणी गंजलेली.
सरपंच पंचफुलाबाईंनी तो माझ्यापुढे सरकवला :
"मास्तर, तुमचं अक्षर चांगलं हाये.
भरून टाका बाप्पा, मंदिरापर्यंत सिमेंटचा रस्ता तरी होईन."

नाव : उकंडाजी महाराज, मौजे कवठाळ.
इथवर शाई सरळ चालली.

रकाना दोन, जन्म.
चावडीवर ढेमाजी तंबाखू मळत होता.
"मायची तीन लेकरं गेलती. चौथं झालं
त थेट उकिरड्यावर नेऊन ठेवलं,
शेजारनीनं सुपात उचललं,
पसाभर कोंडा देऊन मायनं परत इकत घेतलं.
तवा तारीख कोन पायते, मास्तर?
जीव राह्यला का, थे पायतेत."
मी लिहिलं : उकिरड्यावरून उचलला तो दिवस.
मग खोडलं.
मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं.

रकाना तीन, कार्य.
चमत्कार नाहीत आमच्याकडे.
पटकीच्या साली बाबा विहिरीत उतरला
आणि तिन्ही वस्त्यांच्या तीन विहिरी उपसल्या,
एकाच नाड्यानं, एकाच बादलीनं.
गावानं त्याला आधी मारलं,
मग त्याच्या पाया पडलं.
मधल्या दिवसांबद्दल कोणी बोलत नाही.

पुण्यतिथी चैत्रातली, तीही खरी नाही.
बाबा पौषात गेला म्हणतात,
पण पौषात नवा गहू कुठून येणार?
म्हणून जुन्या माणसांनी दिवस पुढे नेला.
महाराजांनी हरकत घेतली नाही.

रकाना चार, जात.
चावडी गप्प झाली. ढेमाजी थुंकायला उठला.
संध्याकाळपर्यंत पाच उत्तरं आली माझ्या घरी,
प्रत्येक जण एकेकटा, दाराची कडी हळूच वाजवत :
"मास्तर, खरं सांगू का? बाबा आमचा होता."

परभाबाई आली नाही. तिनं निरोप पाठवला,
उत्सव झाल्यावर भर म्हना.

त्या दिवशी कवठाळात चूल पेटत नाही.
घरटी पन्नास गोवऱ्या, पायलीभर कणीक,
सगळं नाल्याकाठी येऊन एका ढिगात पडतं.
तोंडाला फडकं बांधून परभाबाई आर सारखी करते,
वरून चैत्र, खालून निखारे,
आणि हजारभर रोडगे राखेत फुगतात.
तिनं एक काढला, फडक्यावर आपटला, राख झटकली,
फोडून माझ्या तळहातावर ठेवला.
"सांग, कोनाच्या घरचा?"
हात भाजत होता. मी सांगू शकलो नाही.

खोटं कशाला बोलू,
शामरावच्या घरच्या कणकेत ओवा असतो,
दाताखाली आला की कळतं.
आणि तीन घरं अजूनही प्रसाद डब्यात घालून घरी नेतात,
पंगतीत बसत नाहीत. विचारलं तर म्हणतात, गुडघे दुखतात.
त्यांच्या विशीतल्या पोरांचेही गुडघे दुखतात.

पण वांग्याची भाजी वाढणारा हात
बादलीवरून नजर उचलत नाही,
हीही इथली रीत. कोणी लावली, माहीत नाही.
नाडा देवळात टांगलेला आहे, मूर्तीच्या जागी.
उंदरांनी कुरतडलेला. दर साली
एक वस्ती त्यात हातभर नवा अंबाडीचा वाक वळते,
त्यामुळे जुना दोर कुठला न् नवा कुठला,
हेही आता अर्जात लिहिता येणार नाही.

रकाना चार मी कोरा सोडला.
तीन महिन्यांनी अर्ज परत आला,
लाल शेरा : अपूर्ण.
पंचफुलाबाई रागावल्या, आठ दिवस बोलल्या नाहीत.
मग यंदाच्या चैत्रात पाहिलं,
त्याच कागदाच्या पुडीत त्यांनी
पंगतीचं मीठ बांधून आणलेलं.

रस्ता नाही झाला.
गोवऱ्यांच्या बंड्या नाल्याच्या रेतीत रुततात अजून.
मग ज्याच्या हाताशी जे चाक येईल
तो ते ढकलतो, शिव्या देत,
बाबालाही एखादी.