दाखला

नववी 'ब'चे त्रेचाळीस निबंध.
विषय : आमचा मोहल्ला.
त्यातल्या एकतीस मोहल्ल्यांत
नाग नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते.

नदी शाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे.
वास येतो, म्हणून त्या बाजूच्या खिडक्या
आम्ही उघडत नाही.
सोमवारी उघडल्या.
"बघा," म्हटलं, "कुठून कुठं चालली?"
बऱ्याच वेळानं थर्माकोलची एक पत्रावळ
अंबाझरीकडून आली, पारडीकडे गेली,
सावकाश,
साक्ष द्यायला निघाल्यासारखी.
मागच्या बाकावरून राजविलास म्हणाला,
"पन बाई, मोबाइलमधी तर उलटी हाय."

मी अर्धवेळ ग्रंथपाल.
अर्ध्या वेळात किल्ल्या सांभाळते,
उरलेल्या अर्ध्यात,
जो मला कुणी दिलेला नाही,
शिकवते.

फळ्यावर लिहिलं :
लेखक. पुस्तक. साल. पान.
"पान कायले पायजे?"
"इतवारीत मिळते म्हटलं, तर दुकान सापडते का रे?"
हसले.
"ओट्यावरचं म्हातारं कसं विचारते नव्या पोराला,
कोनाचा बे तू?
तसं वाक्याला विचारायचं.
सांगता आलं नाही, तर त्याला घरात घ्यायचं नाही."

मग आठवडाभर काही खरं नव्हतं.
आज डब्यात भरीत आहे (आई, सकाळ, गॅसजवळ).
पीटीचे सर रजेवर आहेत (शिपाई, ऐकीव).
कार्डांचे खण, जे गंजून बसले होते,
त्यांना कुणीतरी घरून मशीनचं तेल आणून घातलं.
कार्डांवर डाग पडले. मी रागावले नाही.
शिवण उसवलेल्या एका जुन्या जाडजूड पुस्तकात
फरहीननं नदी शोधली. पूर्वेकडे वाहणारी.
पान दोनशे चौदा.
"खिडकीतून दिसते तशीच लिहिली आहे," म्हणाली,
जणू पुस्तकाला पास केलं.

मार्च लागला. कूलरच्या ताट्या अजून बदलायच्या होत्या.
त्या दिवशीचा धडा : मूळ कागद आणि नक्कल.
विचारलं, "असा जुना कागद कुणी पाहिलाय?"
मला वाटलं नव्हतं, कुणी उठेल.

यामिनी धकाते उठली.
वर्षभर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.
"आमच्या घरी आहे, बाई. पेटीत.
पणजोबांच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, नक्कल.
साल एकोणीसशे एकतीस. अनुक्रमांक दोनशे सात.
कोतवाल बुकाची पण आहे.
तिसऱ्या ओळीत शाई सांडली आहे.
तिथं जातीचा शब्द होता.
बाबा चौदा वर्षं समितीच्या पायऱ्या चढतात त्याच्यासाठी."

एका दमात.
साल, क्रमांक, ओळ,
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

खडू हातात तसाच राहिला.
मी शिकवत होते, दाखला द्यावा.
उसनं आणलेलं कबूल करावं, एवढंच.
तिच्या घरी दाखला मागतात.
शब्द एकच,
आणि मला तो इतकी वर्षं
एकाच बाजूनं माहीत.

शुक्रवारी तिनं निबंध पुन्हा लिहून दिला.
तांडापेठ, बंद पडलेले माग,
नऊवारीच्या काठाला लागणारे दिवस.
शेवटी संदर्भ, पाच.
चार मी सांगितले तसे.
पाचवा :
धकाते, देवराव (वडील). रिकाम्या मागावर बसून सांगितले.
रविवार, रात्री. पान नाही.

आणि कोतवाल बुकातला तो उतारा
अवतरणचिन्हांत, ओळीला ओळ.
तिसऱ्या ओळीत, जिथं तिला
कुठलाही शब्द लिहिता आला असता,
घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ असलेला,
तिथं चौकटी कंस,
आणि त्यात :
अस्पष्ट.

लाल पेन उघडून मी बसले होते.
एकदा वाटलं,
आपणच लिहावा तिथं.
कोण बघतंय, वहीच तर आहे.

टोपण लावलं.
मागची खिडकी उघडीच होती.