तलावाच्या जागी प्रश्नचिन्ह

मच्छीमार संस्थेच्या खोलीला एकच खिडकी.
वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास तिच्यातून आत येतो
आणि कॉम्प्युटरच्या पंख्यातून गरम होऊन परत जातो.

माझ्या आधीच्या ऑपरेटरनं
दर तलावाला वेगळं टेबल करून ठेवलंय :
मोठा मामा तलाव, उमरझरी, गोसाव्याची बोडी, खालचा बांध…
अकरा टेबलं, सारख्याच कॉलमांची,
एका ताग्यातून शिवलेल्या अकरा बहिणींच्या झग्यांसारखी.

म्हटलं, एकच क्वेरी लिहू.
तारखेच्या जागी प्रश्नचिन्ह,
माशाच्या जागी प्रश्नचिन्ह,
तलावाच्या जागीही.
मागाहून भरू, जे लागेल ते.

तारीख घेतली त्यानं. रोहूही घेतला.
तलावापाशी अडून बसला.
चूक : प्रश्नचिन्हाजवळ.

मग कॉलमच्या जागी देऊन पाहिलं,
त्यात ‘वजन’ भरलं.
चारशे बारा ओळी आल्या,
दर ओळीत तोच शब्द,
वजन वजन वजन,
किलो एकही नाही.

दुर्योधन नान्हे पावतीसाठी उभे होते.
माझ्या खांद्यावरून पाहत म्हणाले,
“काहाले डोकं खाजवतेस वो बाई?
जाळ्यात का गवसंल थे पाण्याले मालूम.
पन डोंगा कोन्या तलावात ढकलाचा
थे घरूनच ठरवून निघा लागते.”

मग नाव मीच जोडलं वाक्यात,
पण आधी यादी केली.
यादीत असेल ते आत, बाकी दारातूनच माघारी.
नावाच्या जागी कुणी काहीही लिहून धाडील,
‘उमरझरी, आणि मग सगळं पुसून टाक’ असंसुद्धा,
आणि हे यंत्र फार सांगितल्या कामाचं.

दहा नावं टाइप झाली. अकरावं, भिवाची बोडी.
लाखांदूरच्या रस्त्यासाठी मुरूम टाकून बुजवली,
त्याला सात वर्षं झाली.
टेबल आहे अजून. त्यातली शेवटची ओळ :
मरळ, सव्वा किलो, दु. नान्हे.

काका काही बोलले नाहीत.
खिशातला चष्मा काढला, पुसला, परत ठेवला.

मी अकरावं नाव यादीत घातलं.
यंदाची तारीख भरून चालवलं.
चूक आली नाही.
शून्य ओळी आल्या.

“बराबर हाये,” काका म्हणाले,
आणि पावतीवर शिक्का मागितला.