आगाऊ

रुवीच्या मागच्या गल्लीत, मोतालेबच्या दुकानात,
घड्याळाचे पट्टे आणि फोनची कव्हरं यांच्यामधून जागा करून
बारा रियाल ठेवले काचेवर.
वर्षाचे. एकदम.
त्याने दोनदा विचारलं,
महिन्याला तीसच मिनिटं, चाचा, पुरतील?
मी म्हटलं, उरतील.

पावतीची घडी घालून
रेसिडेंट कार्डाच्या मागे सरकवली.
कॅम्पवर येईपर्यंत खिसा चाचपत होतो.

आमच्या घरात आगाऊ म्हणजे घेतलेलं.
बापाने नारळी पुनवेआधी उचल घ्यायची,
आणि हंगामभर जाळं ओढून फेडायची,
नाही फिटली तर पुढचा हंगामही नाखव्याचाच.
मी एजंटचं देणं लागलो, मग कंपनीचं,
पहिल्या विमानात बसलो ते तिकीटही उधारीचं.
आईच्या तोंडी हा शब्द यायचा तो फक्त माझ्यासाठी,
आगाऊ कार्टं.
एकावन्नाव्या वर्षी तिचं खरं केलं:
अजून न उजाडलेल्या दिवसांचे पैसे
मी देऊन बसलोय.

बोलणार तरी कुणाशी? फोरमन वरच्याच बंकवर झोपतो.
बाणकोटहून सुमय्याची रिंग येते साडेसातला.
एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे फोन कर.
दोन एकदाच आल्या.
धावत गच्चीवर गेलो, हात कापत होते,
तर तिला विचारायचं होतं, कन्डेन्सर म्हणजे काय,
उद्या विज्ञानाचा पेपर.
अकरा मिनिटं गेली.
बावीस वर्षं एसी उघडतोय,
पण आत काय असतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

उरलेली मिनिटं पुढच्या महिन्यात जात नाहीत.
म्हणून महिन्याच्या शेवटच्या रात्री मी घरी लावतो.
रशिदा म्हणते, बोला.
मी म्हणतो, तू कर तुझं काम, फोन ओट्यावर ठेव.
मग खवणी.
खोबरं संपत आलं, करवंटी लागली, की तिचा आवाज बदलतो.
मग तांदळाची भाकरी, थाप, थाप, मध्ये पाण्याचा हात.
कुणीतरी दाराशी येतं. रशिदा सांगते,
नाही हो, ते मस्कतला.
मी ओट्यावर गप्प पडून ऐकतो
मी कुठे आहे ते.
मग तुटतं.

ऑगस्टात कंपनीने कागद दिला.
व्हिसा बारा फेब्रुवारीपर्यंत. पुढे नाही.
नंबर मात्र नऊ जूनपर्यंत जिवंत.
सुमय्याने लगेच हिशेब मांडला, तीही आगाऊच,
अब्बा, एकशे सतरा दिवस जास्तीचे झाले.
मोतालेब म्हणतो, परत नाही मिळत.
सिम माझ्या नावावर, कुणाला देताही येत नाही.
तो स्वतःच खजील होऊन
मला फुकट स्क्रीनगार्ड लावून देतो.

आणखी एक आहे. शुक्रवारी, नमाजानंतर,
एक म्हातारी लावते. चुकून.
विचारते, खल्फान?
पहिल्यांदा मी सांगितलं, नाही आजी, मी एसीवाला.
मोडक्या अरबीत जेवढं जमलं तेवढं.
ती थोडं थांबली, मग माझीच तब्येत विचारली,
मग आईची, मग पोरांची, मग गावात पाऊस कसा आहे.
आई जाऊन नऊ वर्षं झाली.
मी म्हटलं, बरी आहे.
तेव्हापासून दर शुक्रवारी बरी आहे.
इनकमिंग आहे, माझं मिनिट जात नाही.

तारखा मोजल्या. मी गेल्यावर
सोळा शुक्रवार उरतात.
फोन बाणकोटला असेल, कपाटात, रेंजबाहेर.
ती नंबर दाबेल, आणि कंपनीची बाई
आधी अरबीत, मग इंग्रजीत सांगेल
की आता संपर्क होत नाही.
नंबर चुकीचा आहे
असं मात्र सांगणार नाही.
तेवढ्याचे पैसे भरलेत.