माग

ट्रकखाली गेलेली माणसं
दुसऱ्या जगात जागी होतात,
हे तूच सांगायचास, अंबादास,
विडी घरकुलात लाईट गेल्यावर,
मोबाईलची उरलेली सहा टक्के बॅटरी जपत.
हैदराबाद रोडवरचं ते वळण
तेव्हा नुसतं वळण होतं.

म्हणून अम्माच्या विड्यांच्या हिशेबाच्या वहीत
मागच्या बाजूनं
मी तुला जागं केलं.
गवत दिलं. दोन चंद्र दिले.
सोलापूरचं ऊन मुद्दाम घातलं नाही.
डाव्या हाताची गेलेली दोन बोटं
परत लावली.
मग एक देवी उभी केली.
ती म्हणाली, माग.

तू दचकून इकडेतिकडे बघितलंस.
कुठाय?
तुला या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक,
बाराव्या वर्षापासून खडखडणारा.
तलवार, जादू, राज्य, काहीही माग रे,
तिनं समजावलं.
खाली मान घालून तू विचारलंस,
दिवसपाळी की रातपाळी?

मी चिडले. खोडलं. पुन्हा लिहिलं.
या खेपेला बुटक्यांच्या राजानं
आशीर्वादाला हात उचलला
आणि तू डोकं कोपरांत घातलंस.
असं मी लिहिलं नव्हतं, शप्पथ.
नायनांच्या हातातला धोटा
तुझ्याबरोबर आला होता,
सामानात नसताना.

ड्रॅगन आला तेव्हा तर हद्दच.
मी समासात ओरडतेय, पळ, लढ, हल तरी,
आणि तू त्याच्या फाटक्या पंखाकडे बघतोस,
तुटलेला धागा सांधायला
नवी कोरी बोटं आपोआप वळतायत.
हे कर. तिकडे जा. उभा राहा.
वाचून बघितलं तर
आवाज मुकादमाचा होता,
अक्षर माझं.

पेन ठेवलं.
देवीला म्हटलं, बाई, तू पण बस खाली.
सतरा दिवस वहीत काही झालं नाही.
गवत वाढलं असेल.

अठराव्या दिवशी तू म्हणालास, नको.
काय नको?
ते अजून माहीत नाही. नको.

एवढंच लिहिलंय. पुढचं पान तुझं,
मी हात लावणार नाही.
इकडे अम्मा सूप पुढं सरकवते,
नऊशे झाल्या, अजून शंभर वळ.
मी तुझा शब्द दाताखाली धरून बसलेय,
जर्द्यासारखा, कडू,
गिळत नाही,
थुंकतही नाही.