कडता

मार्केट यार्डात बाप पहिलं माप घालतो
तेव्हा एक म्हणत नाही. लाभ म्हणतो.
लाभ, दोन, तीन, चार,
आणि तोच सूर घेऊन पहाटे साडेचारला
बोरीकाठच्या तालमीत उभा राहतो
माझ्या बैठका मोजायला.
पाचशेच्या पुढं मांड्या दुसऱ्याच कुणाच्या होतात.
तो म्हणतो, आखो एक.

आखो एकच्या पुढचा आकडा त्याला येत नाही.

घरी मी लोकेश. तालमीत नुसता ‘ए’.
उंबऱ्याशी चपला काढतो, तिथंच बाप काढून ठेवतो,
असं माझी बहीण म्हणते.
एकदा परत घालायचा विसरला.
रात्री ताटावर म्हणाला, ए, मान सरळ.

वजनगट एक्कावन्न.
मी एका उन्हाळ्यात वीतभर वाढलो,
मनगटं शर्टातून बाहेर आली,
पण एक्कावन्न म्हणजे एक्कावन्न,
कारण माझ्या वयाचा असताना तो
जळगावला काट्यावरूनच परत आला होता.
साडेतीनशे ग्रॅम जास्त.
दोन ओंजळी हरभरा.
त्याच्या हातून रोज त्याहून जास्त सांडतो,
चिमण्या खातात.

पोत्यामागं कडता कापतात:
बारदानाचा, कचऱ्याचा, ओलाव्याचा.
माझाही कापतो तो.
आधी मीठ गेलं, मग रात्रीची भाकर,
मग दसऱ्याआधीच्या उन्हात दोन स्वेटर घालून
गलवाड्याच्या रस्त्यानं पळणं,
आणि अगदी शेवटी थुंकी.
चिंच चघळायची, डब्यात थुंकायची. डबासुद्धा त्याचाच.
आई कळण्याची भाकर थापते तेव्हा मी धाब्यावर जातो.
वास तिथंही येतो.
वासाला वजन नसतं, असं मी धरून चालतो.

रात्री यार्ड रिकामं झालं की
तुरीच्या थप्पीशेजारी, मोठ्या काट्यावर, चड्डीवर मी.
कितलं भरनं? वॉचमन झिपरूनाना विचारतो.
बावन्न दोनशे.
पोऱ्या शे का पोतं, म्हणून नाना हसला.
बाप आकड्याकडे बघत राहिला,
जसा आडत्या खोटं सांगतोय.

त्या गुरुवारी माझा जोडीदार आला नाही.
बापानं लंगोट लावला, खाली उतरला,
माझ्या खांद्यावर माती टाकली.
ताकद लाव, म्हणाला. मी आठे बाप नही शे.

हात धरला, खाली शिरलो, कलाजंग.
त्यानंच शिकवलेली, हजार वेळा, आखो एक.
आणि तो वर आला.
इतका सहज, की मीच घाबरलो.
मी आयुष्यभर धरून चाललो होतो
की तो क्विंटलभर तरी असेल.
त्याच्या बरगड्या माझ्या मानेला लागत होत्या,
तंबाखूचा वास, हळदीच्या मातीचा वास,
एक पाय हवेत जरा हलत होता, लहान मुलाचा हलतो तसा.
कुणीच मोजत नव्हतं.

मी त्याला पाठीवर टाकलं नाही.
पायांवर उतरवलं.

कानाखाली बसली.
सोडलं कसं? समोरचा सोडणार आहे का तुला?
आवाज तालमीत घुमला, आणि मग
धाप लागून तो गुडघ्यांवर हात ठेवून वाकला.
किती भरला ते मला कळलं होतं.
मी सांगितलं नाही. त्यानं विचारलंही नाही.
आखो एक, म्हणाला, जमिनीकडे बघत.

मी माठाकडे गेलो.
शनिवारी वजन होतं, मला माहीत होतं.
लोटा भरला आणि उभ्यानं प्यायलो,
लाभ, दोन, तीन,
पुढचे घोट मोजले नाहीत.

तो बघत होता.
मग फावडं घेतलं
आणि माती उकरायला लागला,
नेमकी तिथली,
जिथं त्याची पाठ लागली असती.