मुलाखत संपल्याची वेळ

त्या वर्षी शहरात जन्मलेलं प्रत्येक मूल
आमचं होतं. म्हणजे कागदावर.
इस्पितळाच्या दारात आम्ही पाळीपाळीनं उभ्या,
पहाटे तीनलाही, वजनकाटा घेऊन,
आणि आतून सुईण हाक मारायची :
या गं, आणखी एक!

क्रमांक २६१३. भरला दोन किलो नऊशे दहा.
आई नेउझा, वय एकोणीस,
पीच डब्यात भरायच्या कारखान्यात,
नखांच्या मुळापर्यंत पिवळी.
वडील : रकाना कोरा.
कोरा ठेवायचा नसतो, म्हणून मी ९ लिहिला.
९ म्हणजे माहीत नाही.
आमच्या अभ्यासात फार राबला बिचारा ९.

नियम सोपे होते.
प्रश्न छापलाय तसाच वाचायचा.
भुवई उचलायची नाही. सल्ला द्यायचा नाही.
पोर समोर खोकत असलं तरी विचारायचं,
"गेल्या पंधरा दिवसांत खोकला?"
आणि हो म्हटलं की खूण करायची.
एकदा मोडला मी नियम.
औषधाची बाटली त्यांच्या खिडकीत विसरले.
विसरले, असंच म्हणते अजून.

चौथ्या वर्षी तो चौकटीला पाठ लावून उभा राहिला
टाचा उचलून, उंच दिसायला.
डोक्यावर तळवा ठेवून मी त्याला खाली आणला.
अकराव्या वर्षी घरात माणसं पाच, खोल्या दोन.
पंधराव्या वर्षी माणसं तीन.
उरलेली दोन कुठं गेली
हा प्रश्न फॉर्मवर नव्हता.
अठराव्या वर्षी पत्ता चुकीचा, त्याच्या पुढचाही चुकीचा;
सापडला भाताच्या गिरणीत,
भुवयांवर तूस, दात तेवढे ओळखीचे.

आणि आता तिसावं.
सरोवरावरून बोचरा वारा, जुलैची थंडी.
जोसिमार बसगाड्या दुरुस्त करतो,
ग्रीस लागलेली बोटं पुसत पुसत दार उघडतो.
"आई हयात आहे का?"
छापलाय तसाच वाचला मी.
भिंतीवरच्या नेउझाकडे बघून तो म्हणाला,
"लिहा."

मग त्यानं तुंब्यात कडू पाला भरला,
वर गरम पाणी, नळी माझ्याकडे वळवली.
"बाई, एक सांगू?
मीही तुमच्यावर नजर ठेवून होतो.
चार वर्षांचा होतो तेव्हा सायकल हिरवी,
घंटी मोडकी. तोंडानंच ट्रिंग केलंत.
अकराव्या वर्षी अंगठी नवी,
सारखी फिरवत होतात.
पंधराव्याला हात प्लास्टरमध्ये,
डाव्या हातानं खुणा केल्यात, वाकड्यातिकड्या.
पायरीवरून पडले म्हणालात.
तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, कुठल्या पायरीवरून?
अठराव्याला अंगठी नव्हती.
आईला विचारायचं होतं काहीतरी.
पण विचारणाऱ्या तुम्ही होतात ना,
आम्ही नुसते सांगणारे."

नळीतून सुर्रकन आवाज आला, पाणी संपल्याचा.
इतक्या वर्षांत, इतक्या दारांत,
माझा रकाना कुणी भरत असेल
असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

"उभ्या राहा," तो म्हणाला,
आणि माझीच पट्टी माझ्या पिशवीतून काढली.
चौकटीला पाठ लावली मी.
मला ठाऊक होतं, दोन सेंटिमीटर गेलेत.
टाचा आपोआप उचलल्या गेल्या.
त्यानं डोक्यावर तळवा ठेवला,
ग्रीसचा वास असलेला, जड,
आणि हळूच खाली आणलं मला.

फॉर्मच्या तळाशी शेवटचा रकाना असतो :
मुलाखत संपल्याची वेळ.
चार चाळीस, असं लिहिलंय माझ्या अक्षरात.
काठावरचे दिवे लागले तेव्हा मी तिथंच होते.
तिसऱ्यांदा पाणी तापत होतं,
आणि तो विचारत होता,
"त्या हिरव्या सायकलचं पुढं काय झालं?"