इंडिकेटर लावला की

चारठाण्याचा बाजार उठला की अंधार पडतो.
फ्रॉकचे गठ्ठे मागच्या सीटवर कोंबून
(सीट कधीच काढून टाकली, जागेला आम्ही अजून सीटच म्हणतो)
मी इंडिका काढतो सेलूच्या रस्त्याला
आणि समोरचा उजेड मिचमिचायला लागतो.
विझत नाही.
विझला असता तर काहीतरी एक ठरलं असतं.

दोन बल्ब बदलले. मग बॅटरी,
जुनीचे सातशे वजा करून.
परभणीत एकजण म्हणाला, वायरिंग गेलंय, सगळं काढा.
सगळं काढा म्हणायला
दुकान लागत नाही.

गौसभाईंचं आहे, जिंतूर नाक्यावर.
वर पत्रा, खाली ॲसिडनं खाल्लेली जमीन.
त्यांनी बॉनेटला हात लावला नाही.
स्टुलावरूनच विचारलं, "कधी व्हायलंय?"
रात्री, मी म्हणालो.
"रात्री तर दिसायलंय. व्हायलंय कधी?"

खड्ड्यात? ब्रेकवर? उभ्या गाडीत? हॉर्न दाबला की?
कधीही, मी म्हणालो.
"कधीही असं काई नसतंय."

मग मीटर. बॅटरी बारा पॉइंट सहा.
गाडी चालू केली, चौदा पॉइंट एक.
रेस दिली. काटा हलला नाही.
बंद करून पट्टा अंगठ्यानं दाबून पाहिला, पोळी फुगली का बघावं तसा.
"डायनमा शहाणा हाय तुमचा."
ऊन अजून जिनिंगच्या भिंतीवर वीतभर होतं.
"थांबा. भिंत काळी होऊ द्या."

थांबलो. एक चहा झाला, दुसरा नको म्हणालो.
कुशावर्ता गाडीतच होती, डाव्या सीटवर,
मांडीवर गल्ल्याचा डबा,
दहाच्या नोटा तळहातानं सरळ करत.
अकरा वर्षं ती सीट तिचीच आहे.
गौसभाई तिच्या खिडकीशी वाकले.
"भाभी, तुमाला काय दिसलं?"

तिला गाडीतलं काही कळत नाही,
असं म्हणायला मी तोंड उघडलंही होतं.

"वालूर फाट्याला हे हात दाखवतेत," ती म्हणाली
(हात म्हणजे इंडिकेटर),
"ती टिकटिक होती ना, त्या टिकीसंगं
लाइटाचा डोळा लवतो. डावाच.
उजवा गप ऱ्हातो.
उजवीकडं वळलं तर दोन्ही गप."
कधीपासून?
"पोळ्यापासून. बाभळीच्या खुंटाला घासली तवापासून."
मला नाही सांगितलंस, मी म्हणालो.
"सांगितलं. तुमी बल्ब आणाय गेलते."

गौसभाई हसले नाहीत. दहाचा पाना मागितला पोराला.
डाव्या दिव्यामागं हात घातला कोपरापर्यंत,
नजर भलतीकडंच, रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरवर,
आणि बोटांनी एक काळी वायर धरून आणली.
तिचा नट पत्र्याला होता, पण नावाला. खाली सगळा गंज.
"आर्थिंग. करंटाला जायची वाट हाय, यायची न्हाई.
मग तो शेजाऱ्याच्या घरातून घुसून परत यायलाय.
शेजारी टिकटिक करायला लागला की
ह्याची वाट बंद."

एक उघडी वायर त्यांनी बॅटरीच्या मायनसवरून आणून
त्या नटाला नुसती टेकवली.
भिंतीवर डावा गोल भरून आला.
काढली. मिचमिच.
टेकवली.
मला तीनदा दाखवलं. तिला एकदाच.

कानशीनं पत्रा घासला, चांदीसारखा दिसेस्तोवर.
नट आवळला, वर बोटभर ग्रीस.
किती?
"ऐंशी."
डब्यातून आठ सरळ नोटा निघाल्या.
बॅटरीचा हिशेब कुणी काढला नाही.

पुढच्या बाजाराहून येताना
वालूर फाट्याला मागंपुढं कुणी नव्हतं.
तरी लांबूनच हात दाखवला.
टिक. टिक. टिक.
उजेड बाभळींवर ठाम, जरासा डावीकडं पडलेला.
मी तिच्याकडं पाहिलं. ती समोर बघत होती.

"मागच्या चाकात काईतरी वाजतंय," म्हणाली.

गाडी हळू केली. काच खाली घेतली.
मला काहीच ऐकू आलं नाही.
कधी व्हायलंय? मी विचारलं.